चौदातले तीन

मराडीच्या नर्सरीतून सहा हजार रोपं आणली,
काळ्या पिशव्यांतली, एका उंचीची,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या शाळेसारखी.
ट्रक मी चालवायचो. पाण्याचा टँकरही मीच.
पहिल्या वर्षी शेळ्यांनी खाल्ली, दुसऱ्या वर्षी उन्हानं,
उरली ती वाळूनं पोटात घेतली.
वहीत मात्र सहा हजारच राहिली.
वही कुणी उन्हात ठेवली नव्हती.

त्साहारा तेव्हा हसली.
तोंड ओढणीआड, पण खांदे हलत होते.
"लाउआली, तू पायाखाली बघतोस का कधी?"

तिच्या बाजरीच्या रानात ढोपरापेक्षा उंच काही नव्हतं.
नुसते खुंट, वीतभर, काळवंडलेले,
दर साली पेरणीआधी कोयत्यानं सपाट केलेले
आणि दर साली
मार खाऊन पुन्हा दारात उभे.
आम्ही त्याला झुडूप म्हणायचो.
ते झाड होतं,
वर यायची परवानगी मागत होतं.

परवानगी.
माझे वडील वनरक्षक. खाकी टोपी, पावतीपुस्तक.
तेव्हा शेतातलं झाडही सरकारचं.
एका फांदीसाठी त्यांनी त्साहाराच्या आईला दंड केला:
एक शेळी, दोन कोंबड्या.
मग गावानं रातोरात सगळंच तोडलं.
जे आपलं नाही, ते राखायचं कुणासाठी?
सकाळी वडील खुंट मोजत फिरले,
पावती कुणाच्या नावानं फाडावी कळेना.

ती उकिडवी बसली.
एका खुंटाला चौदा धुमारे.
एकेकाची मान बोटांत धरून पाहिली,
तीन ठेवले, अकरा कापले.
"हा तर वाकडा आहे," मी म्हणालो.
"असू दे. वारा आला की आधी त्याच्याशी बोलेल."
अकरा काटक्या डोक्यावर घेऊन ती चुलीकडे गेली.
मी वही उघडून बसलो:
अधिक तीन लिहू, की उणे अकरा?

तेरा वर्षं झाली.
पाऊस आता आगंतुक पाहुण्यासारखा,
एका रात्रीत सगळं खाऊन उठून जातो.
गेल्या साली गावानं तीनदा पेरलं,
कोवळे कोंब वाळूच्या वाऱ्यानं कापून नेले.
त्साहारानं दोनदाच पेरलं.
फरक एवढाच. पण तिसऱ्या पेरणीचं बी
तिच्या घरी रांधलं गेलं.

तिच्या बांधावरचा गाओ उलट्या काळजाचा.
पावसात सगळी पानं टाकून उघडा उभा,
खाली बाजरीला ऊन.
हरमातान सुटून ओठ फाटू लागले
की हा हिरवा.

परवा रात्री गिदादोनं, गुरं घेऊन जाताना,
त्याच्या दोन फांद्या तोडल्या.
दिवस वाईट आहेत, उत्तरेला गवत नाही.
लोक जमले. "दंड किती?"
त्साहारानं माझ्याकडे पाहिलं,
मी ती टोपी घालून उभा असल्यासारखं.
म्हणाली, "त्याला सांगा, दिवसा ये.
कुठली कापायची, ती मी दाखवीन."

वही अजून आहे.
सहा हजारांवर मी रेघ मारलेली नाही, लाज वाटते म्हणून.
खाली, वेगळ्या शाईत, एक ओळ:
वाकडा. जिवंत. कवेत मावत नाही.