बिना निंबू

मल्हारगंजच्या वळणावरचा पोहेवाला
मला नावानं ओळखत नाही.
बाबांची स्कूटर दिसली की ओरडतो,
"एक प्लेट, जिरावन मारके, बिना निंबू!"
आणि बाबा म्हणतात, "चहा पण दे. सोबतच."

सोबतच. हा आमच्या घरचा शब्द.
लोकांना डॉक्टर सांगतात, जेवणावर चहा नको,
अन्नातलं लोह अंगी लागत नाही.
आम्ही त्याचसाठी पितो.
भाकरीबरोबर चहा, वरणभाताबरोबर चहा,
दिवाळीच्या फराळाच्या ताटाला खेटून चहा,
तेव्हा देवासची कालिंदीआत्या
तोंड दुसरीकडे फिरवून जेवते.

तिला अजून पटलेलं नाही.
"रक्त कमी ना पोरीला? मग?"
पिशवीतून अळिवाचे लाडू निघतात,
खजूर, काळ्या मनुका, घरच्या बागेतलं बीट,
सगळं लाल, काळसर, मायेचं.
आई डबा कपाळाला लावते
आणि आत्या गेल्यावर
खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला देऊन येते.

शाळेत आठवड्याला एक निळी गोळी वाटायचे.
जोगदेव बाई मला रांगेतून बाजूला काढत,
"हिच्यात लोखंड जास्त आहे."
त्या दिवशी मधल्या सुट्टीत
प्रयोगशाळेतलं चुंबक माझ्या दंडाला लावून झालं.
घरी मीही लावलं, मोरीचं दार लावून,
पोटाला डावीकडे, जिथं पानथरी सुजते.
पडलं. फरशीवर टण्ण वाजलं.
आईनं बाहेरून विचारलं, काय गं?
काही नाही, म्हटलं.

बाबा सांवेर रोडवर टर्नर,
तीस वर्षं लेथवर लोखंड सोलतायत.
घरी आले की आधी हात,
पाणी राखाडी होतं, मग पिवळट, मग नुसतं पाणी,
तोवर मला शिवत नाहीत.
आता काय धुणार?
द्यायचं ते दोघांनी देऊन झालंय,
अर्धं त्यांनी, अर्धं आईनं,
दोघं मायनर, दोघांना पत्ता नाही.
पत्रिका मात्र जुळली होती,
छत्तीसातले एकतीस गुण.

आईची लोहारपट्टीची कढई
आता कारखान्यात आहे, नट-बोल्ट ठेवायला.
"पिठल्याला ती चव येत नाही," आई बोलून जाते,
आणि जीभ चावते.

एकवीस दिवसांनी वॉर्ड.
शेजारच्या खाटेवर भावेश केसवानी,
त्याच्या आईनं सोललेलं डाळिंब माझ्याकडे सरकवतो,
मी परत सरकवते,
तसं ते वाटी वाटी फिरत लिसी सिस्टरच्या टेबलावर पोचतं.
भावेश बी. कॉम. करतो. त्याचा हिशेब पक्का.
"एका पिशवीत दोनशे मिलिग्रॅम लोहा.
तू थाळीतून वाचवतेस किती? एक? डेढ?
निचोड ना यार निंबू."

हिशेबात चूक नाही.
रात्री काचेच्या पेल्यात गोळी टाकली,
लाकडी चमच्यानं ढवळत बसले
(खडूसारखी चव, तळाशी राहतेच थोडी),
आणि बाबांना सांगितलं.
ते चष्मा पुसत होते.
"लेथवर आम्ही हजाराव्या भागासाठी भांडतो,
तेवढ्यावर अख्खा जॉब बाद होतो.
दीड म्हणजे पुष्कळ झालं."
मग पेल्यात थोडं पाणी घालून
तळाचं खळबळून दिलं. पी म्हणाले.

पिशवीवर नाव नसतं.
गट, तारीख, एक लांबलचक नंबर.
पण पहिला थंड थेंब नसेत शिरतो
तेव्हा कधी कधी जिभेच्या कडेला आंबट येतं.
डॉक्टर म्हणतात असं काही नसतं.
नसेल.
मला वाटतं, असेल कुणीतरी याच गाडीवर उभा,
ऑफिसला उशीर झालेला,
पोह्यांवर दोन दोन फोडी पिळणारा,
बोटं चाटून, हेल्मेट घालून
वाटेत रक्त देऊन जाणारा.

त्याला चालतो निंबू.