थोडी हवा कमी

वडगावच्या कोपऱ्यावर माझं सायकलचं दुकान.
पंक्चर, ब्रेक, चेन,
आणि मॅचच्या दिवशी बिजली क्लबचा बॉल.
अठ्ठावीस वर्षं झाली, हवा मीच भरतो.
सुई आधी जिभेवर ओली करायची, मग आत.
हे भरमाण्णानंच शिकवलेलं.
तेव्हा त्याला मिशी फुटत होती
आणि मला पंप पोटानं दाबायला लागायचा.

उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंगला जातो तो.
रात्रपाळी करून आला तरी चारला मैदानावर,
कानामागं काळी रेती तशीच.
टॉसला उभा राहिला की समोरची पोरं
हात मिळवताना जरा वाकतात.
कॅम्पातल्या संघाचा कॅप्टन रेमंड,
त्याच्या बापाविरुद्ध हा तीन फायनल खेळलाय.

पळतो कुठं आता? चालतो.
बॉल जिथं पडणार
तिथं आधीच जाऊन उभा असतो,
जेवणाला लवकर पोचलेल्या पाहुण्यासारखा
थोडा अवघडून.

कंपाऊंडवर बसणारे आम्ही शंभर-सव्वाशे.
मागवाले, गवंडी, पेन्शनीत आलेले दोन सुभेदार,
चिरमुऱ्याची बुट्टी घेऊन गंगव्वा,
जी मॅच सुरू झाली की गिऱ्हाइकाकडं पाठ करते.
कोण 'मार की रे!' ओरडतं, कोण 'होडी! होडी!'
पुण्याहून आलेल्या भाच्यानं विचारलं,
'मामा, होडी कुठाय?'
मी सांगणार होतो, अरे, कानडीत मार म्हणतात तसं.
पण बोट भरमाण्णाकडं गेलं.
लाल मातीत, एका अंगाला कलत,
जात होती.

दोन वर्षांमागं
दुकानाचं शटर अर्धंच उघडलेलं, खालून वाकून आत आला.
गुडघ्याला बायकोच्या जुन्या लुगड्याचा काठ बांधलेला.
बॉल हातात घेतला, अंगठा दाबला.
'एवढी आत जाऊ दे,' म्हणाला.
'थोडी हवा कमी. हेडिंग केलं की
मानेत कळ येऊलालीय.
कुणाला बोलू नको.'

नाही बोललो.
बायकोला नाही, देवाला नाही.
दर मॅचला तेवढी हवा चोरली,
एक फुस्स, तेही खोकल्यात लपवून.
रेफरी किल्लेदार मास्तर बॉल दाबून बघायचे,
मग माझ्याकडं, मग त्याच्याकडं;
तो खाली बसून लेस बांधत असायचा, लई वेळ.
मास्तर शिट्टी तोंडात धरून म्हणायचे,
'बरोबर आहे.'

या जानेवारीत, सेमीफायनल,
आमचा बॉल तारेच्या कुंपणावर जाऊन फाटला.
रेमंडनं त्यांचा आणला. नवा, दगडासारखा.
मी बघत राहिलो.
मैदानात टाकायच्या आधी तो माझ्याकडं आला,
पाठ सगळ्यांकडं करून हळूच बोलला,
'भाई, थोडी हवा निकालो ना.
अण्णा खेलते.'

म्हणजे
त्यांनाही.
मग मी कंपाऊंडवर नजर फिरवली.
दोन्ही सुभेदार आभाळ बघत होते.
गंगव्वा पहिल्यांदाच चिरमुरे मोजत होती.
माझ्या खोकल्याला दोन वर्षं
कुणी औषध का सुचवलं नाही, ते कळलं.

हरलो आम्ही. दोन-शून्य.
दोन्ही रेमंडनंच मारले.
त्यात सूट नव्हती.
मॅच संपल्यावर कोण कंपाऊंडवरून उतरेना.
भरमाण्णा कॉर्नरचे झेंडे उपटत फिरला,
चारी, एकेक करून,
जसा दर वेळी फिरतो.

सोमवारी दुकानात आला.
काखेत क्लबचा नवा बॉल.
'पुरी भर आता,' म्हणाला, 'पोरांना कडक पाहिजे.'
'आणि तू?'
'मी हाय की. मागं उभारतो.'
मागं म्हणजे कुठं, मी विचारलं नाही.
पंप पायाखाली घेतला,
सुई जिभेवर ठेवली.
बराच वेळ ठेवली.
ओली होईना.