पहिली सर्व्हिसिंग

तुर्भ्याच्या शोरूममध्ये मला पावणेदोन वर्षं झाली.
बहुतेक लोक आल्या आल्या बोनेटवर बोटाचं पेर आपटतात,
माठ घेताना आपटावं तसं,
आणि कान देऊन ऐकतात.

मढवी काकांनीही तेच केलं.
दिवाळ्याहून आले होते. सोबत सून आणि सात वर्षांची ईश्वरी.
"पत्रा जार हाय ना गो?"
म्हटलं, काका, पत्र्यावर काही नसतं.
पुढचा भाग चुरगळायलाच हवा,
म्हणजे आतला माणूस चुरगळत नाही.
ते माझ्याकडे बघत राहिले,
जणू मी त्यांना
गळका माठ गळतो म्हणूनच घ्या, असं सांगत होते.

टॅबवर व्हिडिओ लावला.
आवाज मी नेहमी बंद ठेवते.
पुढे पिवळा बाहुला,
मागे छोटा, खुर्चीत बांधलेला.
मग भिंत.
मोठा बाहुला फुग्यात तोंड खुपसतो,
सावकाश, लाजल्यासारखा.
"त्याला लागलं?" ईश्वरीनं विचारलं.
त्याला लागतं का ते बघायलाच बसवलंय गं, मी म्हटलं,
आणि मलाच ते कसंसं वाटलं.

मोठ्यांसाठी पाच तारे. लहानांसाठी चार.
"सनरूफ?" सून म्हणाली.
"ॲव्हरेज कवरा देल?" काका म्हणाले.
"चौथा कुठे गेला?" ईश्वरी म्हणाली. "म्हणजे, पाचवा?"

तारे माझ्या तक्त्यात सहाव्या ओळीत येतात,
फुकट मिळणाऱ्या मॅटच्या खाली.
मॅनेजर सांगतात, आधी रंग, मग हप्ता.
नव्या वस्तूसमोर अपघाताचं नाव कशाला काढायचं?

(मी कोपरखैरण्याहून स्कूटीवर येते.
तिला किती तारे, ते कोणी मोजलेलं नाही.
घेताना मीही रंगच बघितला होता. मोरपंखी.)

दुसऱ्या दिवशी काका एकटे आले.
सनरूफ नको म्हणाले. सहा फुगेवाली द्या.
चौऱ्याऐंशी हजार जास्त पडतील, मी म्हटलं.
त्यांनी खिशातून चेकबुक काढलं,
माझंच पेन घेतलं,
आणि बराच वेळ अक्षरी रक्कम लिहीत बसले.
त्या रात्री मी आईला सांगितलं,
आज एका माणसाने माझं ऐकलं.

गाडी न्यायला घरचे सगळे आले.
नारळ, हळदकुंकू, चार चाकांखाली चार लिंबं.
मागच्या बंपरला काळी बाहुली बांधली,
तिला ना पट्टा, ना फुगा.
मी पेढा खाल्ला, फोटोत उभी राहिले,
गाडी पामबीचच्या दिशेला वळेपर्यंत हात हलवला.

महिन्याने पहिली सर्व्हिसिंग.
किलोमीटर लिहायला आत वाकले तर
ड्रायव्हरच्या पट्ट्याच्या खाचेत क्लिप.
नुसतं टोक, पट्टा नाहीच.
वर कंपनीचं चकचकीत चिन्ह.
वाशीला मिळते, एकशेवीसला.
मागच्या सीटवरही एक होती, ईश्वरीच्या जागेवर.
"माझा पट्टा आत जातच नाही," ती म्हणाली,
"तिथे आधीच कोणीतरी बसलंय."

काका, हे काय?
"सारखी वरडते गो. टिंग टिंग टिंग.
घरान पण मना कोन एवरा वरडत नाय."

मी काही बोलले नाही.
दोन्ही क्लिपा काढून खणात टाकल्या.
खणात आधीच्या अकरा होत्या.
आता तेरा.

संध्याकाळी फोन आला.
"गारी परत वरडाला लागली गो."
वरडू दे, काका.
"मंग मी काय करू?"
त्यांच्या मागे टिंग टिंग ऐकू येत होतं,
रस्ता ऐकू येत होता,
आणि ईश्वरी, "आजोबा, पट्टा. आजोबा, पट्टा,"
अगदी गाडीच्याच चालीवर.

मग सगळं शांत झालं.
आधी फोन कट झाला
की आधी ते टिंग टिंग थांबलं,
मला अजून सांगता येत नाही.