तिसऱ्या नंबरची वायर

ग्युम्रीत ऑक्टोबर संपता संपता
बत्तीस वर्षांची झिगुली एका सकाळी अडून बसली.
चावी फिरवली की नुसतं खँव खँव खँव,
म्हाताऱ्याला उबळ यावी आणि कफ सुटू नये तसं.
मागच्या सीटवर खाऱ्या पाण्यातल्या चीजच्या चार बादल्या.
बाजार आठला भरतो.

शोघेरने समाराला फोन लावला.
वार्द्गेस म्हणाला, कार्ब्युरेटर.
न बघता, न ऐकता, कार्ब्युरेटर.
दोन हिवाळे झाले, तिकडे तो गिलावा करतो
आणि इथलं काहीही बिघडलं की त्याचं उत्तर तयार असतं.
त्याच्यामागे कुणीतरी भांडी विसळत होतं.
नळ बंद झाला.
ठेवतो, म्हणाला.

एअर फिल्टरचं झाकण काढून तिने थ्रॉटल ओढला:
पेट्रोलची बारीक पिचकारी, सरळ, वेळेवर.
कार्ब्युरेटर बिचारा आपलं काम करत होता.
मग प्लग काढला. काळा. ओला.
इंजिनच्या अंगाला टेकवून धरला,
त्सोविकला म्हणाली, फिरव चावी.
अकरा वर्षांच्या मुलीने दोन्ही हातांनी फिरवली.
ठिणगी आली,
पण पिवळी, कावीळ झाल्यासारखी.

डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली.
पॉइंट्सवर खड्डे, राखेसारखी काजळी.
नखं घासायच्या कानशीने घासले.
फट मोजायची पातळ पत्ती डब्यात नव्हती,
ती तो बरोबर घेऊन गेलाय.
तिकडे गाडी नाही म्हणतो.
वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला मधे,
अडकला नाही, लोंबला नाही,
एवढी फट पुरे.

आणि झिगुली सुरू झाली की!
पण लंगडत.
लाकडी चिमट्याने तिने एकेक वायर उपसून पाहिली.
पहिली काढली, इंजिन कण्हलं.
दुसरी काढली, कण्हलं.
चौथीलाही तेच.
तिसरी काढली,
आणि कुणाला काही कळलंच नाही.
नवा प्लग घातला तिथे. तरी नाही.

बादल्या ढकलगाडीवरून गेल्या, दहा वाजता,
निम्म्या तशाच परत आल्या.

शेजारच्या गॅरेजमधला हमाझास्प
सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाला,
बाई, उजेडात काय शोधतेस?
रात्र होऊ दे. दिवा मालव. मग बघ.

रात्री तिने दिवा मालवला.
इंजिन चालू, बॉनेट उघडं, अंधार.
थोडा वेळ काहीच नाही.
मग दिसलं.
ठिणगी होतीच. निळी, टपोरी, भरल्या जोराची.
फक्त तिसऱ्या सिलिंडरपर्यंत पोचत नव्हती.
लोखंडाला घासून घासून
वायरची कातडी जिथे उसवली होती,
तिथूनच उडी मारत होती
भलतीकडे.
टक. टक. टक.

किती छान दिसतंय, त्सोविक म्हणाली.
हं, म्हणाली शोघेर.
बिघाड सापडला होता, तरी दिवा लावायला
तिला बराच वेळ लागला.

सायकलच्या ट्यूबची पट्टी, तिच्यावर काळी टेप,
वर सुतळीने वायर लोखंडापासून लांब बांधली.
थंडी निघेल एवढ्यावर.
नवी घ्यायची तर सुटी मिळत नाही,
अख्खा संच घ्यावा लागतो.

साडेनऊला फोन आला.
झाली का?
झाली.
म्हटलं नव्हतं, कार्ब्युरेटर?
हो, ती म्हणाली, कार्ब्युरेटरच.
आणि फोन बॉनेटखाली धरला,
चारही सिलिंडर नीट ऐकू जावेत म्हणून.
परत कानाला लावला तेव्हा
तो काहीतरी बोलत होता,
त्याच्यामागे नळ पुन्हा सुरू झाला होता.

तिने इंजिन बंद केलं नाही.