जीरावनची डबी

रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत
जेवणाचं टेबल आलं ते बोनसच्या पैशातून.
वर सनमायका, एक पाय किंचित आखूड,
त्याखाली बाबांनी सरकवलेली काड्यापेटी.
वरणाला फोडणी बसेपर्यंत
बाबा हाताशी येईल त्याचं काहीतरी करायचे.
चमचा वाकवायचे, म्हणजे वाकल्यासारखा दाखवायचे.
अख्ख्या लिंबातून पल्लवीचं कानातलं काढायचे.
एकदा आपल्या रुमालात कोठारीकाकांची काडी मोडली,
रुमाल झटकला तर काडी अखंड.
काका जाताना दारातून परत आले,
तो रुमाल जरा बघायला द्या म्हणाले.

पण खरा खेळ जीरावनच्या डबीचा.
डबी पितळेची, झाकण सैल.

"साहेबान, मेहेरबान, ही चवन्नी गायब होणार!"
चवन्नीवर डबी, डबीवर कालचा पेपर,
चेपून, दाबून, डबीच्या अंगाला बसेल असा.
फुंकर.
उचललं तर चवन्नी तिथेच.
"च्च. आज हवा बरोबर नाही."
आम्ही हसायचो, चवन्नीकडे बघत हसायचो,
आणि तेवढ्यात पेपरावर तळवा, फट्ट!
पेपर सपाट. डबी नाही.
ताटात गरम गराडू आणि वर भुरभुरायला काही नाही.
मग ती टेबलाखालून निघायची.
"इंदूरचं जीरावन आहे," बाबा म्हणायचे,
"लाकडातूनही पार जातं."

त्या हिवाळ्यात हा खेळ रोज होऊ लागला.
आधी पाहुणे आले की व्हायचा,
आता मंगळवारी, बुधवारी, नुसत्या खिचडीवरही.
पल्लवीने फीचं कार्ड काढलं की चवन्नी.
आईने वाण्याच्या वहीचं नाव काढलं की चवन्नी.
मामा म्हणाला, "भावजी, मिलचं काय ऐकतोय आम्ही?"
बाबांनी त्याच्याच वाटीतला चमचा नाहीसा केला.
चमचा मामाच्या खिशात सापडेपर्यंत
प्रश्न कुठे गेला, कुणी शोधला नाही.

सकाळी साडेसहाला डबा घेऊन निघायचे.
संध्याकाळी टेम्पोतून उतरायचे, डबा रिकामा.
मधले दहा तास
नेहरू पार्कच्या एका बाकावर,
अर्धी पोळी तिथल्या माळ्याला,
हे आम्हाला फार नंतर कळलं.
चार महिने.
मिलचं फाटक, भोंगा, लूमची लांबच लांब रांग,
वीव्हिंग खात्यातले भालचंद्र मुळ्ये,
सगळं पेपराखाली, आकार जसाच्या तसा,
आत काही नाही.

आई तेव्हा रोज रात्री त्यांचा शर्ट भिजत घालायची.
आधी बादलीत रुई तरंगायची,
मग तरंगेनाशी झाली.
ती साबण लावत राहिली.

युक्ती मी शिकलो बाबा गेल्यावर, आरशासमोर.
सगळे चवन्नी बघत असताना
पेपर आपल्याकडे ओढायचा, काठापर्यंत,
डबी मांडीवर सोडायची,
आणि रिकामा आकार पुन्हा मध्यावर न्यायचा,
जड असल्यासारखा.
बाकी सगळं जमतं. हे जड असल्यासारखं जमत नाही.
आणि एक कोडं सुटत नव्हतं:
झाकण इतकं सैल,
तरी बाबांच्या पँटवर कधी
जीरावनचा डाग कसा पडला नाही?

काल ऋजुताला करून दाखवलं.
टेबल तेच, काड्यापेटी नवी.
"साहेबान, मेहेरबान," मी म्हणालो,
माझा आवाज मलाच उसना वाटला.
फुंकर मारली. चवन्नी तिथेच. ती हसली.
मी पेपर काठाशी आणला, सोडलं,
आणि मांडी चुकली.
आता खणकन पडणार,
आता पोरगी वाकून बघणार.

आवाज झालाच नाही.

शेजारच्या खुर्चीवर आई
पोळीला तूप लावत होती,
समोर बघत,
एकाच हाताने.