सौम्य

माटुंग्याच्या आमच्या प्रयोगशाळेत
बर्फाचं मशीन मार्चपासून बंद.
धाकूमामा सायनच्या मासळीबाजारातून
गोणपाटात गुंडाळून बर्फ आणतात.
कधी त्यात रावसाचा एखादा खवला निघतो.

चौदा पायऱ्या चढून आलेला माझा रेणू
फ्लास्कच्या तळाशी, ऐंशी मिलिग्रॅम,
ताटात वाढलेल्या मिठाएवढा.
मागच्या खेपेला मी त्याच्या भावंडाला
थायोनिल क्लोराईडमध्ये उकळलं.
घशात गंधकाचा ठसका,
फ्लास्कमध्ये डांबर.
टिपणीस मॅडम रागावल्या नाहीत.
काच उजेडाकडे धरून म्हणाल्या,
"इकडे आम्ल, तिकडे अल्कोहोल.
मधून पाण्याचा एक रेणू काढायचा होता.
तेवढ्यासाठी घर पेटवलंस?"

म्हणून आज डीसीसी.
पुस्तकात लिहिलंय, बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवा.
मे महिन्यात मुंबईत ती टेबलावरच वितळते,
या उकाड्याचा तेवढाच उपयोग.
चिमूटभर डीएमएपी.
शून्य अंश.
थेंब.
बराच वेळ थांबून
थेंब.
कोणी ओरडत नाही, काही उकळत नाही,
तळाशी चुंबकाची कांडी
आपल्याच नादात गरगरत राहते.

मग पांढरं धुकं, मग साका.
पाणी स्वतःच्या अंगावर घेऊन
युरिया होऊन ते बाजूला बसतं,
लग्न जुळवून मांडवाबाहेर
चपला शोधणाऱ्या मध्यस्थासारखं.
पट्टीवर जुना ठिपका फिकटला, वर नवा उगवला.
एस्टर.
नाजूक दुहेरी बंध जागच्या जागी,
सिलिकॉनचं पांघरूणही न सरकलेलं.

'सौम्य पद्धत,' मी वहीत लिहिलं.
मॅडमनी ते वाचलं आणि बाही वर सारली.
मनगटापासून कोपरापर्यंत
जुने, खरखरीत, तांबूस चट्टे.
"पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी. हीच बाटली.
आता नुसतं झाकण उघडलं तरी अंग ओळखतं.
सौम्य कुणाला, तेही लिही."

मी काहीच लिहिलं नाही.
हातमोज्यांची दुसरी जोडी चढवली,
गाळणी लावली.
युरिया गाळला, पुन्हा गाळला,
कॉलममधून उतरवला,
तरी एनएमआरमध्ये त्याची एक बुटकी टेकडी
राहिलीच.

धाकूमामांनी उरलेला बर्फ बेसिनमध्ये ओतला.
खवला जाळीला चिकटून राहिला,
संध्याकाळभर.