शून्य ते दहा

नाकाला चिमटा, दातांत नळी.
नळीच्या पलीकडे मी एकेक जाळी चढवते.
"चाचा, आता ओढा श्वास. किती जड?
शून्य म्हणजे काहीच नाही,
दहा म्हणजे याच्यापुढं नाही."

दस्तगीर शिकलगार, उद्यमनगर,
एकतीस वर्षं ग्राइंडरवर.
बोटं वर करतात: दोन.

तिसरी जाळी. दोन.
पाचवी. जरा थांबून,
माझं मन राखायला म्हणून, तीन.
या पाचवीला मी स्वतः सात दिले होते
आणि नळी उपसून टाकली होती टेबलावर.

मानेचे दोर ताठ झालेत,
बरगड्यांमधली कातडी आत जातेय,
आणि बोटं तीनच.

मेंदू हवा मोजत नाही, हे मला या खोलीत कळलं.
किती मागवली आणि किती उतरली, तेवढं बघतो.
हुकूम धाडताना कार्बनखालची प्रत
ठेवून घेतो स्वतःजवळ,
मग जुळवत बसतो.
तूट निघाली, की त्याला आपण दम लागला म्हणतो.
पण रोजच तूट निघाली तर?
रिकाम्या घमेल्यात मूठभर वाळू पडली
तर मनगटाला कळते.
भरल्या घमेल्यात पडली तर
कुणाला?

नळी काढल्यावर चाचा रुमालानं ओठ पुसतात.
"तालमीत वस्ताद छाताडावर बसायचा, बाई.
म्हणायचा, दम लागला तरी दावू नको,
समोरचा तेच बघत असतोय."
हसतात. हसता हसता
वाक्य मध्येच सोडून हवा घेतात
आणि सोडलेलं वाक्य विसरतात.

जैबूनचाची दारातून आत येतात, डबा हातात.
"किती म्हनले?"
तीन.
"आठ लिवा.
जिन्यात मी मागनं असते. सहाव्या पायरीला थांबत्यात,
म्हनत्यात, गुंडूभाऊशी दोन शब्द बोलतो.
गुंडूभाऊ जाऊन चार वर्सं झाली."

रकाना एकच आहे, आणि तो पेशंटचा.
मी तीन लिहिते.
पेन तिथंच टेकवून ठेवते, शाई पसरते जराशी.

चाचा चाचींकडं बघतायत.
"लिफ्ट बंद हाय," म्हणतात,
"तू वर आलीस कशी?
बस आधी. धाप लागलीया तुला."